अल्पवयीन आणि अमली पदार्थ: देशोदेशीच्या कायद्यांच्या तुलनेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना वेगवेगळे देश कसे वागवतात, यावर तुलनात्मक टिपण लिहितेय. एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

समजा, सोळा वर्षं पूर्ण झालेला मुलगा कुणा मोठ्याच्या सांगण्यावरून 300 ग्रॅम हेरॉईन नेताना पकडला गेला. भारतात 250 ग्रॅमच्या वर 'व्यापारी प्रमाण', किमान शिक्षा 10 वर्षं. म्हणजे 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा 'निर्घृण' (कायद्यातला सर्वांत गंभीर वर्ग) ठरतो आणि प्राथमिक मूल्यांकनानंतर, म्हणजे मुलाची समज आणि मानसिक क्षमता तपासल्यावर, त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालू शकतो. त्याच कायद्याचं कलम 78 मात्र मुलांकडून अशी ने-आण करवून घेणाऱ्यालाच गुन्हेगार मानतं. मग हा मुलगा आरोपी की पीडित? मला तरी तो आधी पीडितच वाटतो.

जर्मनीत 14 ते 17 वयाला बालगुन्हेगारी कायदाच लागू होतो, भर संस्कारावर. पोर्तुगालने 2001 पासून स्वतःपुरता साठा गुन्ह्यातून वगळला, पण फौजदारी जबाबदारी सोळाव्या वर्षीच सुरू होते.

मोठ्यांनी वापरून घेतलेल्या मुलाला शिक्षेतून स्पष्ट सूट देणारा कायदा कोणत्या देशात आहे? बाल न्याय मंडळासमोर काम केलेल्या वकिलांनी, समुपदेशकांनी कृपया सांगावं. निकालांचे संदर्भ मिळाले तर फारच उपकार होतील.