कोलकात्याची लोरेटो शाळा मदर तेरेसांनी काढली का?

बदलीवाली:
नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून कोलकात्यात आलोय, मुलीसाठी शाळा बघतेय. काल मिडलटन रोवरचं लोरेटो हाऊस बाहेरून पाहिलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं ती मदर तेरेसांची शाळा, डोळे झाकून घाल. खरंय का? आणि लोरेटो म्हणजे काय?

जुना कोलकाताकर:
नाही हो, शाळा सुरू झाली १८४२ मध्ये आणि मदर तेरेसा जन्मल्या १९१० साली! आयर्लंडहून लोरेटो सिस्टर्स, म्हणजे लोरेटो नावाच्या कॅथलिक संघाच्या नन्स, आणि सिस्टर होऊ घातलेल्या मुली अशा बाराजणी ऑगस्ट १८४१ ला जहाजात बसल्या, तेव्हा सुएझ कालवा नव्हता त्यामुळे आफ्रिकेला वळसा, ३० डिसेंबरला इथे पोचल्या आणि १० जानेवारीला शाळा चालूसुद्धा! आपलं सामान अकरा दिवसांत उघडून होत नाही. त्यांच्या प्रमुख मदर डेल्फिन हार्ट तेव्हा जेमतेम विशीतल्या. लोरेटो हे इटलीतल्या मेरीमातेच्या तीर्थक्षेत्राचं गाव, त्यावरून नाव.

इतिहासाचा किडा:
जागेचीही गंमत आहे. इथे आधी सर एलिजा इम्पेचा बंगला होता, म्हणजे १७७५ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर आरोप करणाऱ्या बंगालच्या नंदकुमारला फाशी सुनावणारा तोच चीफ जस्टिस, शाळेत घोकलंय आपण. त्याच्या हरणांच्या पार्कवरून इथल्या पार्क स्ट्रीटचं नाव. त्याच ठिकाणी पुढे मुली पाढे म्हणायला लागल्या, मला हे भारी वाटतं.

सॉल्ट लेकची मावशी:
सासूबाई अगदीच चूक नाहीत गं. मदर तेरेसा मुळात लोरेटोच्याच सिस्टर, १९२९ ला भारतात आल्या, पण शिकवलं कोलकात्यातल्याच एन्टालीच्या सेंट मेरीज शाळेमध्ये, तीही बंगाली माध्यमाची. भूगोल शिकवायच्या, १९४४ ला हेडमिस्ट्रेस झाल्या, १९४८ मध्ये निळ्या काठाची पांढरी साडी नेसून कॉन्व्हेंटमधून बाहेर पडल्या, गरीब वस्त्यांमध्ये काम करायला.
मला विचारशील तर लोरेटो सियालदहबद्दलही वाच. तिथल्या तेव्हाच्या प्रिन्सिपल सिस्टर सिरिल यांनी रस्त्यावरच्या मुलींना शाळेतच राहायला जागा दिली आणि फी भरणाऱ्या मुली त्यांना शिकवायच्या. २००७ ला पद्मश्री मिळाली त्यांना. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी तिथली, घरी येऊन आईलाच शिकवायला बसायची, पाटी घेऊन.

बदलीवाली:
बाप रे, थँक्यू सगळ्यांना. आता सासूबाईंना कसं सांगू, त्यांनी सोसायटीत पेढेपण वाटलेत आणि मी अजून फॉर्मही आणलेला नाही 😅