डब्ल्यू दाबून धरायची गरज नाही

'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' या घोडेस्वारी-लढायांच्या कॉम्प्युटर गेममध्ये घोडा कीबोर्डवर आवरतच नाही, कंट्रोलर (गेमपॅड) घ्या, असं वर कुणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. आधी डब्ल्यूवरचं, म्हणजे पुढे जायच्या कळीवरचं, बोट उचला. तिथला घोडा पायी माणसासारखा नाही. एकदा वेग घेतला की बोट काढलं तरी तो त्याच चालीत जात राहतो. वेग कमी करायचा तर एस. ए (डावीकडे) आणि डी (उजवीकडे) फक्त घोडा वळवतात, माऊस स्वाराची नजर. म्हणजे घोडा सरळ पळतोय आणि तुम्ही बाजूला बघताय, हे चालतं. नव्या माणसाचा गोंधळ बहुतेक इथेच होतो, माऊस फिरवून घोडा वळेल अशी वाट बघत तो थेट झाडावर.

धनुष्य घेऊन खेळणार असाल तर आणखी एक, जे अजून कुणी लिहिलं नाही. धनुष्य डाव्या हातात असल्यामुळे घोड्यावरून उजवीकडे मागे नेम धरताच येत नाही. म्हणून शत्रूच्या घोळक्याला घड्याळाच्या उलट दिशेने फेऱ्या घाला, तो कायम डाव्या हाताला राहतो. मग डी विसरा. अधूनमधून ए टिचकवलं की गोल आपोआप जमतो. मोकळ्या मैदानात हं, चढ-उतारावर घोडा अडतो आणि पायदळ गाठतं.