सील्ड की पोर्टेड? छोट्या गाडीसाठी माझं मत
गाडीतल्या सबवूफरचा (सब, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) बॉक्स सील्ड म्हणजे पूर्ण बंद असतो, किंवा पोर्टेड म्हणजे हवेसाठी भोक वा नळी ठेवलेला. बरेच जण "बास हवा तर पोर्टेडच घ्या" असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्या सुराच्या) आसपास पोर्टेड बॉक्स त्याच अँपवर जास्त आवाज काढतो, मान्य. पण त्याखाली त्याचा आवाज दर सप्तकाला २४ डीबीने (डेसिबलने) घसरतो, सील्डचा मात्र १२ डीबीने. शिवाय गाडीची बंद केबिन खालच्या सुरांना सप्तकामागे जवळपास १२ डीबीपर्यंत उठाव देते. त्यामुळे हॅचबॅकमध्ये सील्ड बॉक्स आलेखात दिसतो त्यापेक्षा बराच खोल वाजतो. घरच्या स्पीकरचा हिशोब इथे लावू नका.

ट्यूनिंगच्या खाली पोर्टेडमध्ये कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) मागच्या हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो आणि सब कामातून जाऊ शकतो. म्हणून सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) हवाच, ट्यूनिंगच्या जरा खाली लावलेला.

जागेचं बघा: १२ इंची सबला सील्डमध्ये २८ लिटर बऱ्याचदा पुरतात, पोर्टेडला ५० च्या आसपास लागतात. सबच्या माहितीपत्रकातला एफएस (Fs, सबची स्वतःची कंपनसंख्या हर्ट्झमध्ये) भागिले क्यूईएस (Qes, त्याच्या विद्युत अवमंदनाचा आकडा) करा. उत्तर ५० किंवा कमी आलं तर सील्ड, १०० च्या वर गेलं तर पोर्टेड. मधलं आलं तर डिकीला ठरवू द्या.

तबला, पखवाज मनापासून ऐकत असाल तर माझा आग्रह सील्डचाच. थाप पडते आणि तिथेच थांबते, मागे घुमत राहत नाही. आणि तयार पोर्टेड बॉक्स किती हर्ट्झला ट्यून केलाय हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तो घेऊ नका.