जनुकीय डेटा आणि मृत्युनोंदी जोडायच्या आहेत: आधारचा हॅश पुरेल का?

खारीगाव_डेटा

नमस्कार मंडळी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या साधारण ४,००० सहभागींचा जनुकीय डेटा आहे (अ‍ॅरे जीनोटाइपिंग, म्हणजे चिपवर जनुकांतल्या ठरावीक जागा वाचणं; निकाल व्हीसीएफ या मजकूर फाइलींत). त्याला महापालिकांच्या मृत्युनोंदी, कारणासह, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दाव्यांच्या नोंदी जोडायच्या आहेत. बेत असा: दोन्हीकडे आधार क्रमांकाचा एसएचए-२५६ हॅश (ठरलेल्या सूत्राने काढलेला, उलटा वाचता येऊ नये असा संकेत) काढायचा, जुळला की नोंद जोडायची, मग नाव-पत्ता पुसायचा. सगळं एकाच सर्व्हरवर. संमतीपत्रात ‘वैद्यकीय नोंदी पाहू’ एवढंच वाक्य आहे. यात काय चुकतंय?

पारसिक

आधी हॅशचं. आधार १२ अंकी असला तरी पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा तपासणीचा असतो. म्हणजे शक्य क्रमांक फक्त ८,००० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं, त्यामुळे तुमची यादी उलटी वाचणं हे काही मिनिटांचं काम. हॅश काढायचाच तर गुप्त किल्ली मिसळून (या पद्धतीला एचमॅक म्हणतात), आणि ती किल्ली संशोधकांकडे कधीच नको. शिवाय कितीतरी मृत्युनोंदींत आधार क्रमांकच नसतो, म्हणून एवढ्यावर भागणार नाही.

पण खरी चूक ‘एकाच सर्व्हरवर’ ही. काम वाटून द्या. तुम्ही प्रत्येक सहभागीला एक निरर्थक क्रमांक द्या आणि त्यासोबत फक्त नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता जोडणी गटाकडे, म्हणजे फक्त जोड्या लावणाऱ्या वेगळ्या गटाकडे, पाठवा. जनुकीय काही नाही, आजाराचं नावही नाही. नोंदी ठेवणारं कार्यालय स्वतःच्या वेगळ्या क्रमांकासह तेच करील. जोडणी गट जोड्या लावतो आणि प्रत्येकाला त्याच्या जुन्या क्रमांकासमोर नवा क्रमांक लिहून परत देतो. मग जनुकं एका वाटेने आणि मृत्यूचं कारण दुसऱ्या वाटेने, नव्या क्रमांकाखाली बंद संशोधन सर्व्हरवर पोचतं. तिथे चढवताना क्रमांकावर पुन्हा एक किल्ली फिरवायला विसरू नका, नाहीतर नमुने ठेवणाऱ्याला तो क्रमांक ओळखीचाच राहतो. वेल्समध्ये सेल डेटाबँक (संशोधनासाठी आरोग्यनोंदी जोडणारी संस्था) साधारण याच विभागणीवर चालते.

बेलापूर_सेक्टर१५

विभागणी बरोबर. पण जोडण्या जास्त सुटतात त्या नाव-पत्त्याच्या घोळामुळे, आणि त्याकडे लक्ष सर्वांत कमी दिलं जातं.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. कोपरखैरण्याचा रुग्ण परळच्या रुग्णालयात वारला तर नवी मुंबई महापालिकेच्या रजिस्टरमध्ये तो सापडणार नाही, आणि तुमच्या विश्लेषणात जिवंत राहील. बृहन्मुंबईच्या आणि पनवेलच्या नोंदीही मागा. खारघर-कामोठ्याच्या पत्त्यात लोक ‘नवी मुंबई’ लिहितात, पण तो भाग रायगड जिल्ह्यात, २०१६ पासून पनवेल महापालिकेत. १ ऑगस्ट २०१४ आधीच्या नोंदींत वसई आणि पालघर ठाणे जिल्ह्यात दिसतात. म्हणून जिल्ह्यावरून गट पाडून जुळवू नका. सेक्टरवरून तर नकोच: सेक्टर १५ वाशीतही आहे, बेलापुरातही.

फेलेगी-संटर पद्धतीने (१९६९; नाव, तारीख वगैरे प्रत्येक रकाना किती जुळतो याचे गुण मिळवून जोडी ठरवणं) गुण देत असाल तर १ जून आणि १ जानेवारी या जन्मतारखांना कमी गुण द्या. शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेल्या तारखा आहेत त्या, हजारोंच्या सारख्याच. बायकांच्या बाबतीत लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, कधी पहिलंही बदलतं. त्यामुळे स्त्रियांच्या जोडण्या जास्त सुटतात आणि त्यांचा मृत्युदर खोटा कमी दिसतो. माहेरचं नाव मिळालं तर वेगळ्या रकान्यात घ्या आणि सुटलेल्या जोडण्यांचं प्रमाण लिंगानुसार वेगळं मांडा.

साउंडेक्स (उच्चारावरून नावाला संकेत देणारी इंग्रजी पद्धत) वापरू नका. ते पहिलं रोमन अक्षर तसंच ठेवतं, म्हणून ‘डब्ल्यू’ने लिहिलेला वाघ आणि ‘व्ही’ने लिहिलेला वाघ दोन माणसं होतात. देवनागरीतही सापळा आहे: ‘गोऱ्हे’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, पडद्यावर सारखाच दिसतो, हॅश मात्र वेगळा. आधी युनिकोड एकसारखा करा, अदृश्य जोडचिन्हं काढा. ब्लूम फिल्टर (नावाचे तुकडे शून्य-एकच्या पट्टीत लपवून साधारण सारखी नावं जुळवण्याची युक्ती) वापरलात तर दोन-दोन अक्षरांचे तुकडे मात्रेसकट पाडा. त्यावरही किल्ली हवीच, कारण पाटील, शिंदे, जाधव इतके येतात की नुसत्या वारंवारतेवरून आडनाव ओळखता येतं.

येऊर_जीनोम

जनुकीय बाजूचं सांगतो. व्हीसीएफच्या शीर्षओळीत नमुन्याचं नाव असतं आणि प्रयोगशाळेने तिथे बऱ्याचदा केसपेपर नंबरच टाकलेला असतो. ‘बीसीएफटूल्स’ या प्रणालीतल्या ‘रीहेडर’ आज्ञेने तो बदला, पण वरच्या दोन हॅशचिन्हांच्या ओळीही वाचा, जुन्या आज्ञा आणि फाइलीचे मार्ग तिथे तसेच राहतात. अ‍ॅरेच्या कच्च्या फाइलींच्या नावात चिपचा बारकोड असतो, आणि प्रयोगशाळेच्या नमुनायादीवरून तो थेट माणसापर्यंत नेतो.

क्रमांक देण्याआधीच अदलाबदल तपासा: एक्स गुणसूत्रावरून काढलेलं लिंग नोंदीतल्या लिंगाशी जुळतं का, आणि किंग गुणांक (दोन नमुन्यांतलं नातं मोजणारा आकडा) ०.३५४च्या वर गेलेल्या जोड्या कोणत्या (एकच नमुना दोनदा, किंवा एकसारखी जुळी). या तपासणीत कोण कोणाचा मुलगा आहे किंवा नाही हेही दिसतं. ते जोडणी गटाकडे अजिबात जाऊ नये.

नाव पुसलं म्हणून डेटा निनावी होत नाही. ३० ते ८० स्वतंत्र स्निप्स (डीएनएमधले एकेका अक्षराचे फरक) एका माणसाला ओळखायला पुरतात. म्हणून व्यक्तिगत ओळी सर्व्हरबाहेर नकोतच, १०पेक्षा कमी माणसांचे आकडेही नकोत. संपूर्ण जीनोमच्या वारंवारता-तक्त्यावरून एखादी व्यक्ती त्या गटात होती का हे सांगता येतं, हे २००८ साली दाखवून झालंय. तेव्हा तेही तपासूनच बाहेर.

खारीगाव_डेटा

मनापासून आभार. मग जोड्या लागल्यावर जोडणी गटाने त्यांचा तक्ता नष्ट करावा का?

पारसिक

नाही. सहभागीने संमती मागे घेतली तर त्याच्या ओळी शोधणार कशा? तक्ता जोडणी गटाकडेच, कूटबद्ध, आणि उघडायला दोघांच्या किल्ल्या लागतील असा ठेवा. तो कधी नष्ट करायचा ती तारीख नैतिकता समितीकडून आधीच लिहून घ्या. तुमचं संमतीपत्रातलं वाक्य मृत्युनोंदी आणि विम्याच्या दाव्यांना पुरणार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीपुढे जा: जे भेटू शकतात त्यांची नवी संमती, उरलेल्यांसाठी सूट मागणारा वेगळा अर्ज. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ठरलेली मानकं पाळली आणि त्या डेटावरून त्या व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला नाही तरच. दाव्यांच्या कार्यालयाकडे जनुकीय निष्कर्ष उलट जाणार नाहीत हे करारात स्पष्ट लिहा.