तक्सीमला 'आलाप' म्हणावं का?

मंडळी, तुर्की शास्त्रीय संगीतावर मराठीत लिहितेय आणि 'तक्सीम' या शब्दापाशी अडले आहे.

मेवलेवी दरवेशांच्या (रूमीच्या परंपरेतले, गिरक्या घेणारे सूफी) समारंभात आधी 'नात', म्हणजे पैगंबराची स्तुती, गातात, मग कुदुम या छोट्या जोडनगाऱ्यावर टिपरी पडते आणि त्यानंतर 'ने' वाजवणारा एकटाच सूर लावतो. ने म्हणजे बोरूची, तिरकी धरायची बासरी. ताल नाही, ठरलेली चीज नाही. सुराआधी फुंकेची सरसर ऐकू येते आणि त्या सरसरीतूनच मकाम, म्हणजे आपल्या रागासारखी सुरांची चौकट, हळूहळू वर येतो. मला तर तोच क्षण सगळ्यात प्रिय आहे. ही तक्सीम.

बहुतेक जण तिला आलाप म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आलापात आपण राग सोडत नाही. मोठ्या तक्सीममध्ये वादक एका मकामातून दुसऱ्यात शिरतो आणि मूळ मकामावर परत येतो. याला 'गेचकी' म्हणतात; जाणकारांचे कान तिकडेच लागलेले असतात. 'आलाप' लिहिलं की हे सगळं वाचकाच्या हातून निसटतं.

शिवाय हा शब्द आपल्याला परका कुठे आहे? अरबीत तक्सीम म्हणजे वाटणी. वतनाच्या जुन्या कागदांत 'तक्षीम' म्हणजे हिस्सा, हिस्सेदार तो तक्षीमदार. इस्तंबूलच्या तक्सीम चौकाचं नावही वाटणीचंच. १८व्या शतकात तिथून शहराला पाणी वाटलं जाई.

प्रतिसाद : 'किस्मत'ही त्याच धातूतली, वाट्याला आलेली ती. 'मकाम' आणि आपला 'मुक्काम' सख्खे भाऊ. मकामाच्या वाटचालीला तुर्कीत 'सेयिर' म्हणतात, ती आपली 'सैर'. 'पेशरेव्ह' म्हणजे पुढे चालणारी, आरंभीची तालबद्ध रचना. 'पेशवा'तला 'पेश' तोच. पण ताई, आलाप म्हटलं की वाचकाला चटकन कळतं. तो शब्द अगदीच टाकू नका.

मूळ लेखिका : बरोबर आहे तुमचं. पहिल्यांदा येईल तिथे 'आलापासारखा, तालाविना केलेला मकामाचा विस्तार' असं लिहीन, पुढे सरळ तक्सीम. तक्षीम मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून 'ती तक्सीम' ठेवलं आहे. अनेकवचन 'तक्षिमा'च्या धर्तीवर 'तक्सिमा' केलं, तर वाचताना खटकेल का?