लास्कर म्हणजे लष्कर की खलाशी? (शब्दचर्चा)

मचवा
मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो की पणजोबा पहिल्या महायुद्धात 'लष्करात होते'. गणपतीत दापोलीला गेलो तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, त्यात त्यांचे दोनचार कागद मिळाले, आणि त्यावर इंग्रजीत लास्कर असं लिहिलंय, पण पलटण वगैरे काहीच नाही, बोटीचं नाव आहे! म्हणजे एवढी वर्षं आम्ही ज्यांना शिपाई समजत होतो ते आगबोटीवर कामाला होते. आई आता म्हणते की हो, आजी 'सारंगाच्या हाताखाली' असं कायतरी बोलायची खरी. मला घरच्यांसाठी चार पानं लिहून काढायचीयत, तर लास्करला सरळ खलाशी लिहिलं तर चालेल का?

डोलकाठी
तुमच्या घरच्यांचं फार चुकलेलं नाही, शब्द मुळात एकच आहे. फारसी लश्कर म्हणजे फौज. पोर्तुगीजांनी त्यावरून 'लश्करी माणूस' अशा अर्थाने लास्करीं केलं, ते आधी देशी शिपायांनाच वापरायचे. इंग्रजांकडेही तोफखान्यात तोफा ओढायला 'गन लास्कर' असायचे, आणि मग हळूहळू तो शब्द बोटीवरच्या हिंदी माणसाला चिकटला. मराठीत लष्कर मात्र फौजेपुरतंच राहिलं, म्हणून घोळ.
खलाशीची गंमत वेगळीच. अरबी खलास, म्हणजे सुटका. आपण 'पैसे खलास' म्हणतो तोच. खलाशी म्हणजे शिडाचे दोर सोडणारा की गुलामीतून सुटलेला, यावर लोक भांडतात, पण मूळ तेच. आणि खलाशी फक्त दर्यावरचा नसतो बरं, रेल्वेत खलाशी असतात, पूर्वी फौजेत तंबू ठोकणाऱ्यालाही खलाशीच म्हणायचे. तेव्हा बिनधास्त खलाशी लिहा.

उधाण
डोलकाठी, व्युत्पत्ती मान्य पण सल्ला मान्य नाही. खलाशी हे कामाचं नाव आहे. लास्कर हे कामाचं नाव नव्हतंच, तो कायद्यातला डबा होता. कुठल्या डब्यात पडलात त्यावर पगार किती, झोपायला जागा किती, खायला काय आणि लंडनच्या धक्क्यावर उतरल्यावर तुम्हाला कोण विचारणार हे सगळं ठरायचं. खलाशी लिहिलंत की ते सगळं पुसलं जातं.
१८२३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं की लास्कर आणि आशियाई खलाशी हे 'ब्रिटिश खलाशी' धरायचे नाहीत, मग भले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात जन्मलेले का असेनात. करार वेगळे, आणि करार संपणार तो हिंदुस्थानातल्याच बंदरात, म्हणजे विलायतेत उतरून दुसरी बोट, गोऱ्या दराचा पगार शोधायची सोयच नाही. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढा. झोपायची जागा तर चक्क घनफुटात मोजलेली, १९०६ नंतर ब्रिटिश खलाशाला माणशी १२० घनफूट आणि लास्करला ३६. जरा हिशेब करून बघा, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच, झालं ३६. फळी आणि वर डोकं आपटेल एवढी हवा. ज्या कंपन्यांनी हे केलं त्यांचं म्हणणं काय, तर यांना दाटीवाटीची सवयच असते!!
आणि बंदरातली वागणूक? लंडनला हिवाळ्यात उपाशी, उघडे पडलेले लास्कर रस्त्यावर दिसायला लागले म्हणून १७८६ मध्ये तिथल्या लोकांनी मदत समिती काढली होती. पुढे कंपनीने त्यांना लंडनातच शॅडवेल भागातल्या बराकीत ठेवायला सुरुवात केली, १८१४-१५ ला पार्लमेंटची समिती बघायला गेली तर अंथरूण नाही, शेकोटी नाही. मग १८५७ मध्ये (हो, तेच साल) लाइमहाउसला वेस्ट इंडिया डॉक रोडवर 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं, पाया प्रिन्स अल्बर्टनी घातला आणि पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनी ५०० पौंड दिले. आता परत शब्दच बघा, स्ट्रेंजर. राणीची प्रजा, राणीच्या देशाचा माल वाहणारी, आणि घराच्या पाटीवर 'परके'.

भरती_ओहोटी
मुंबईचं पण सांगा की. रीगल सिनेमासमोर राज्य पोलीस मुख्यालयाची दगडी इमारत आहे ना, ते मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७० ला पायाभरणी, १८७६ ला पूर्ण, आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, म्हणजे पुढे व्हीटी बांधली तेच. आणि पैसे कोणी दिले तर बडोद्याचे खंडेराव गायकवाड, जवळजवळ दोन लाख. मराठी राजाच्या पैशातून गोऱ्या खलाशांना राहायची सोय, आणि रत्नागिरीचा माणूस कुठं झोपणार तर डोंगरी-मस्जिद बंदरच्या खोलीत गाववाल्यांसोबत. तेव्हा सेलर या शब्दात पण लास्कर बसत नव्हता.

उधाण
+१. हेच म्हणतोय मी.

पागोळी
सारंगावर थोडं. फारसी सरहंग, म्हणजे नायक. आपल्याकडे हा मानाचा शब्द, शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग हुद्दाच होता, जोडीला मायनाक भंडारी. आगबोटीवर त्याच शब्दांचं काय झालं बघा. सारंग झाला टोळीचा मुकादम, आणि भंडारी म्हणजे लास्करांचा स्वयंपाकी :) टंडेल सारंगाच्या खालचा. सुकाणी, आगवाला (भट्टीत कोळसा मारणारा), तेलवाला, आणि संडास-डेक धुणारा तो टोपस. गोरे अधिकारी हुकूम सारंगाला द्यायचे आणि सारंग पुढे. भरती पण त्याच्याच हातात, वर धक्क्यावर बसलेला घाट सारंग आणि दलाल. बोट मिळायची तर आधी त्यांचे हात ओले करायचे, त्यासाठी सावकाराकडून कर्ज, आणि पगार झाला की तो कर्जात. १९२२ च्या सरकारी समितीने सुद्धा ही लाचखोरी मान्य करून भरतीसाठी ऑफिसं काढा सांगितलं होतं, पण वर्षानुवर्षं काही हललं नाही. म्हणून आजी 'सारंगाच्या हाताखाली' म्हणायची, कंपनीचं नाव नाही घ्यायची. तिच्या दृष्टीने मालक सारंगच.
अजून एक, ट्रंकेत पत्र्याची नळी आहे का बघा. बोटीवरच्या नोकरीच्या दाखल्याला आपले लोक अजूनही 'नली' म्हणतात, ते दाखले पत्र्याच्या नळीत घालून ठेवायचे म्हणून, असं सांगतात. भिजलं तर संपलं ना. १९२५ ला विलायतेत 'रंगीत (म्हणजे गोरे नसलेले) परकीय खलाशी' असा हुकूम निघाला, त्यात कागद दाखवता आला नाही तर ब्रिटिश प्रजा असूनही पोलिसांकडे परका म्हणून नोंदवायचे. नली म्हणजे जीव.

काजूफेणी
आमच्या कोकणीत खलाशाला तारवटी म्हणतात, तारू वरून. तुमच्या मराठीत तारू आहे पण तारवटी फारसं का ऐकू येत नाही कोण जाणे. गोव्याचे लोक जास्त करून सलूनमध्ये, म्हणजे बोटीवरच्या खाण्यापिण्याच्या खात्यात, स्टुअर्ड, बटलर, कुक. आणि मुंबईत त्यांची 'कूड'. धोबी तलावला अजून आहेत थोडी, गावागणिक वेगळं, एक देवाचं अल्तार (वेदी), भिंतीला लागून ट्रंकांची रांग, महिन्याला किरकोळ पैसे आणि बोट मिळेपर्यंत तिथंच. कुणी सरकारने नाही काढली, गावाने काढली. कूड म्हणजे साधं खोली पण तारवट्याला विचाराल तर ते माहेर.

डोलकाठी
उधाण, ठीक आहे, माघार. पण मग मराठीत लिहायचं काय? लास्कर तसंच ठेवलं तर वाचणारा परत लष्करच वाचणार.

उधाण
पहिल्यांदा येईल तिथं 'लास्कर, म्हणजे हिंदी खलाशी, निम्म्याहून कमी पगारावरचा' असं एक वाक्य आणि पुढे सरसकट लास्कर. ते लोक स्वतःला लास्कर म्हणायचे का हा भाग वेगळा. १९३९ ला युद्ध सुरू झाल्याबरोबर यांनीच बंदराबंदरात संप केले, दुप्पट पगार मागितला, तेव्हा तुरुंगात पण गेले. कागदावर लष्कर नसलं तरी लढाई होतीच.

मचवा
बापरे, केवढं निघालं. नळी नाही मिळाली, कागद मेणकापडात होते. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धात बुडालेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे असं कळलं, पणजोबा परत आले म्हणून त्यांचं नाव तिथं नसणार, तरी एकदा जाऊन येणारे. लास्करच लिहितो, उधाण म्हणतात तसं.
शेवटची शंका. हुद्द्याच्या रकान्यात 'कसाब' असं वाचता येतंय. आई एकदम गप्प झाली, म्हणते आपल्यात खाटीक कुणी नव्हतं.

पागोळी
आईंना सांगा घाबरू नका. बोटीवरचा कसाब म्हणजे दिवे आणि सामानाची कोठी सांभाळणारा. तेल, दोर, रंग, वाती, सगळं त्याच्या ताब्यात. ट्रंकेत किल्ल्या आहेत का बघा.