मदत हवी आहे: देवकुंड आणि दिवेआगर, सहा जण, दोन दिवस

पाऊसपाणी
पुढच्या शनिवारी निघायचंय आणि अजून काही ठरत नाहीये. पहिल्या दिवशी देवकुंड धबधबा, मुक्काम दिवेआगरला, रविवारी हरिहरेश्वर करून परत. देवकुंड सध्या चालू आहे की बंद? फोन केले तर एक जण म्हणतो बिनधास्त या, दुसरा म्हणतो येऊ नका. खोल्यांचे पैसे आजच भरायचे आहेत, कृपया लवकर सांगा.

कातळवाट
निघणार कुठून? सहा जणांत लहान मुलं किती, म्हातारं माणूस कोणी आहे का? गाडी कोणती? आणि शनिवारी तिथी कोणती आहे तेही पाहून सांगा.

खाडीकाठ
जंजिरा किल्ला पावसाळ्यात बंद असतो, तिकडे जाऊ नका.

पाऊसपाणी
जंजिऱ्याला जायचंच नाहीये. पुण्याहून निघतोय. आम्ही दोघं, मेहुणा, आई ६८ वर्षांची, मुलगा १०, मुलगी ५. एर्टिगा आहे. शनिवारी शुद्ध तृतीया आहे. तिथीचा काय संबंध?

कातळवाट
मग देवकुंडचा विचार सोडा. भिऱ्याहून एका बाजूला साधारण ५-६ किमी चाल आहे, वाटेत ओढे ओलांडावे लागतात. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परत येताना मांडीएवढा झालेला असू शकतो, कारण पाऊस वर पठारावर पडतो आणि खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर मुलांना उचलून लगेच काठ चढायचा. पाच वर्षांची मुलगी आणि आई सोबत असताना ते जमत नाही. शिवाय पावसाळ्यात तिथे बहुतेक वर्षी प्रशासनाचा बंदी आदेश असतो. वाटाड्याला किंवा हॉटेलवाल्याला विचारू नका, माणगाव पोलीस ठाण्यात विचारा. तिथलं उत्तर तेच खरं.

वाशिष्ठी
मुळात ताम्हिणी घाटातून जायचंच कशाला? कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरा. चिपळूणजवळचा सवतसडा धबधबा महामार्गाला लागूनच आहे, आजींनाही बघता येतो. मुक्काम गुहागरला करा.

कातळवाट
दोन दिवसांच्या सहलीला गुहागर लांब पडतं. रविवारी परतताना आख्खा दिवस गाडीत जाईल. त्यांना दिवेआगरच हवंय.

भटका११
वरंध घाटाने उतरा की, गर्दी नसते.

वाशिष्ठी
वरंध अजिबात सुचवू नका. दरडी येतात म्हणून पावसाळ्यात तिथे वाहतूक बंद ठेवतात. अर्ध्यातून परत फिरावं लागेल. त्यापेक्षा ताम्हिणी बरा.

घाटमाथा
ताम्हिणीने जाणार असाल तर पहाटे साडेपाचला पुणं सोडा. नऊनंतर घाटात गाड्यांची रांग लागते. पिरंगुटला टाकी भरून घ्या. पुढे मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. रस्त्यालगतचे धबधबे वाटेत दिसतातच. वळणावर गाडी उभी करू नका, सरळ पट्ट्यात मोकळी जागा बघून पूर्ण बाजूला घ्या. धारेच्या थेट खाली उभं राहायचं नाही, पाण्याबरोबर दगड येतात. धुक्यात दिवे लो बीमवर ठेवा. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत दिसते. काचेवर आतून बाष्प धरलं तर एसी चालू करा, हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्या, आतलीच फिरवत ठेवू नका. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा रायगड आणि पुणे घाटमाथा असा दोन्हींचा इशारा बघा. रेड असेल तर पैसे गेले तरी चालतील, निघू नका.

पाऊसपाणी
बरं, देवकुंड रद्द. पण आईला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घालायचीच आहे. आणि तिथीचं राहिलं.

कातळवाट
तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. प्रत्येक पक्षात प्रतिपदेपासून मोजायचं. तृतीया म्हणजे सव्वादोन, चतुर्थी म्हणजे तीन. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. अर्धा तास पुढेमागे धरा. म्हणजे रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अमावास्येनंतर दोन-तीन दिवस उधाण टिकतं, त्यामुळे तुमच्या दोन्ही दिवशी दुपारचं पाणी जोरात असेल. शनिवारी पोचल्या पोचल्या मुलं समुद्राकडे धावतील, नेमकी तीच भरतीची वेळ. त्यांना कोरड्या वाळूतच ठेवा. गाडी किनाऱ्यावर उतरवू नका, चाक रुतलं की पाणी चढायच्या आत निघत नाही.

खाडीकाठ
मग झालं, नऊ वाजता प्रदक्षिणा घाला.

कातळवाट
नाही! ओहोटीची वेळ उन्हाळ्यासाठी पुरते, पावसाळ्यासाठी नाही. तो मार्ग पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या कातळावरून जातो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ असतं, आणि वाऱ्याने उठलेली मोठी लाट ओहोटीतही कातळावर चढते. चार-पाच लाटा लहान येतात, माणूस पुढे जातो आणि मग एकदम मोठी येते. तिथून माणसं वाहून गेलेली आहेत.

सोडेभात
जेवणाचं आधी सांगून ठेवा. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, पापलेट मागाल तर बर्फातलं मिळेल. खाडीची मासळी आहे का ते विचारा, नाहीतर सुके बोंबील, सोडे उत्तम. शाकाहारी असाल तर उकडीचे मोदक आदल्या रात्री सांगावे लागतात.

घाटमाथा
खोली घेताना इन्व्हर्टर आहे का विचारा. वादळी पावसात वीज रात्रभर जाते. कपडे वाळत नाहीत, मुलांचे प्रत्येकी चार जोड घ्या.

पाऊसपाणी
इन्व्हर्टर आहे म्हणाले, पैसे भरले. आईला प्रदक्षिणेचं कसं समजावू?

सोडेभात
त्यांना सांगा, तिथली रीत आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव अशी आहे. तेवढं दर्शन शांतपणे होऊ द्या. समुद्राकडची प्रदक्षिणा माघात या, तेव्हा कातळ कोरडा असतो.